'व्हारचार करून टाकू का?'

काल, म्हणजे शुक्रवारी, संध्याकाळी सव्वासातला फोन आला. शुक्रवारी सव्वासातला येणारा फोन चांगली बातमी आणत नाही, हे आमच्या धंद्यात परवा लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

"सर, अपडेट चालत नाहीये. डेटचा कॉलम एरर देतोय."

"काय एरर आहे?"

"काहीतरी आउट ऑफ रेंज वगैरे. सर, मी कॉलम व्हारचार करून टाकू का? मग सगळं जाईल आत."

मग सगळं जाईल आत! मंडळी, या एका वाक्यावर मी आज शनिवारची झोप सोडून लिहायला बसलोय. कारण हे वाक्य त्या पोराचं एकट्याचं नाही. हिंजवडीपासून व्हाइटफील्डपर्यंत आणि तिथून पार न्यू जर्सीपर्यंत आपली माणसं रोज हेच वाक्य बोलतात. मीही बोललोय. नुसतं बोललो नाही, करून बसलोय. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेटाबेसमध्ये प्रत्येक कॉलमला एक प्रकार असतो. आकड्यांचा वेगळा, तारखेचा वेगळा. व्हारचार म्हणजे 'अक्षरं' ठेवायचा कप्पा, सोप्या भाषेत 'काहीही चालेल'. त्यात '१५/०७/१९९४' बसतं, '३१ फेब्रुवारी' बसतं, 'उद्या बघू' पण बसतं. तारखेच्या कॉलमला मात्र ३१ फेब्रुवारी दिलीत तर तो सरळ नाही म्हणतो. झालं, एवढाच त्याचा गुन्हा. आणि या गुन्ह्यासाठी आपण त्याची नोकरी घालवतो.

माझं म्हणणं साधं आहे. तारखेच्या कॉलमने एरर दिली, तर त्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये त्या क्षणी खरं बोलणारा तो एकटाच असतो. क्लायंट म्हणतो डेटा स्वच्छ आहे. मॅनेजर म्हणतो सोमवारी लाइव्ह जायचंय. आपण म्हणतो होऊन जाईल. तो कॉलम तेवढा म्हणतो की बाबांनो, ही तारीख मला कळत नाहीये, जरा बघा. आणि आपण त्याचंच तोंड बंद करतो.

मुळात गफलत इथे आहे की आपल्याला तारीख आणि तारखेचं लेखन या दोन गोष्टी एकच वाटतात. १५ जुलै हा एक दिवस आहे. तो १५/०७ असा लिहा, ०७/१५ असा लिहा, दिवस तोच. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार आत काय ठेवतो? १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले तो आकडा, आणि मध्यरात्रीपासून एका सेकंदाच्या तीनशेव्या भागाचे किती तुकडे झाले तो दुसरा आकडा. बस. ओरॅकल सात बाइटमध्ये शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद ठेवतो. आत कुठेही तिरपी रेघ नाही की आडवी रेघ नाही. ती रेघ आपण दाखवताना मारतो. म्हणजे 'तुमचा डेटाबेस तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवतो' हा इंटरव्ह्यूतला प्रश्नच चुकीचा आहे. (हा प्रश्न मला तीन वेळा विचारला गेलाय. तिन्ही वेळा मी निमूटपणे उत्तर दिलंय. नोकरी हवी होती.)

गडबड होते ती अक्षरांची तारीख करताना. '०५/०७/१९९४' ही ५ जुलै की ७ मे? आपल्याला ५ जुलै. अमेरिकन सेटिंगवर बसवलेल्या डेटाबेसला ७ मे. पोस्टग्रेसची मूळ सेटिंगही महिना आधी धरते. म्हणून '१५/०७' आली की ते अडतं, कारण पंधरावा महिना नसतो. बिचारं वर सुचवतंही की तुझी डेटस्टाइल वेगळी असावी बुवा. आमच्या पोराने ती दुसरी ओळ वाचलीच नव्हती. एररची दुसरी ओळ वाचायची पद्धत आपल्याकडे नाही.

आता जरा बोटं मोडू. वर्षात ३६५ तारखा. दिवस-महिना उलटा वाचला तर त्यातल्या २२१ तारखांना एरर येणार, कारण दिवस १२ च्या पुढचा आहे. १/१, २/२ अशा १२ तारखा उलट्या केल्या तरी त्याच. उरल्या १३२. या १३२ तारखांना एरर येत नाही. त्या गुपचूप दुसऱ्याच दिवशी जाऊन बसतात. आपण रात्र जागवतो त्या २२१ साठी. घात करतात त्या १३२.

आता माझी गोष्ट. साल २००८. मी नोकरीत दोन वर्षांचा, म्हणजे सगळं येतं असं वाटायचं वय. एका शिक्षणसंस्थेचं पगाराचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, गावही नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखा व्हारचारमध्ये होत्या, नव्यात त्या डेटटाइम करायच्या होत्या. अकराशेच्या वर माणसं. मी अपडेट चालवला आणि एरर आली: व्हारचारचं डेटटाइम करताना किंमत मर्यादेबाहेर गेली. एक ओळ अडली तरी अख्खा अपडेट मागे फिरतो, त्यामुळे एकही तारीख बदलली नाही. आता कळतं की डेटाबेसने त्या वेळी माझ्यावर उपकार केले होते.

मी काय केलं? हुशारी केली. 'इजडेट' म्हणून एक फंक्शन आहे, ते सांगतं की हे अक्षर तारीख म्हणून चालेल की नाही. मी म्हटलं, जे चालतायत ते आधी बदलून घेऊ, उरलेल्यांना मग दिवस आधी-महिना नंतर असं सांगून बदलू. पहिल्या फेरीत सहाशेच्या आसपास ओळी गेल्या. दुसऱ्या फेरीत बाकीच्या. बेरीज जुळली. एरर शून्य. मॅनेजरने पाठ थोपटली, मी जुना कॉलम उडवला आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

तुमच्या लक्षात आलं असेलच. पहिल्या फेरीत 'चालल्या' त्या सगळ्या तारखा सर्व्हरच्या अमेरिकन सेटिंगने वाचल्या होत्या. ज्यांचा दिवस १२ किंवा त्याच्या आत, त्या झाडून सगळ्या उलटल्या. दुसऱ्या फेरीतल्या सरळ बसल्या. अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक, आणि एररचा पत्ता नाही.

तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पगाराला जन्मतारीख लागत नाही. लागते ती निवृत्तीला, आणि निवृत्तीची यादी तिथले हेडक्लार्क आपल्या वहीतून हाताने काढायचे. २०११ मध्ये ते स्वतः निवृत्त झाले आणि यादी पहिल्यांदाच 'कंप्युटरवरून' निघाली. नोव्हेंबरमध्ये एका शाळेच्या शिपाईमामांना पत्र गेलं की आपण ३१ जानेवारीला सेवानिवृत्त होत आहात. मामा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ऑफिसात आले. दाखल्यावर जन्मतारीख १ जून. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे मामांची तारीख ३१ मे. आमच्या टेबलात मात्र ते ६ जानेवारीला जन्मले होते.

आता १ जून म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पूर्वी खेडोपाडी जन्माची नोंद कुठली? जूनमध्ये पोराला शाळेत आणून बसवलं की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे. आपल्या प्रत्येकाच्या घरात १ जूनवाले एक तरी काका-मामा-आजोबा आहेत. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्यांचे विनोदही फिरतात. त्या संस्थेच्या यादीत १ जूनची माणसं होती अडीचशेच्या वर. माझ्या अपडेटनंतर उरली तीन. आणि ६ जानेवारीला एकदम गर्दी. नुसतं महिन्यावार मोजून पाहिलं असतं ना, अक्षरशः एका ओळीची क्वेरी, तर शेंबडं पोरही म्हणालं असतं की इथे काहीतरी गंडलंय. मी ओळी मोजल्या. माणसं मोजली नाहीत.

दुरुस्ती तरी सोपी असेल? १२ च्या आतल्या सगळ्या परत उलटवायच्या, एवढंच? नाही ना! तीन वर्षांत काही लोकांनी आपापल्या तारखा अर्ज देऊन दुरुस्त करून घेतल्या होत्या. कुठल्या दुरुस्त झाल्या आणि कुठल्या नाहीत याची नोंद ठेवायची सोय आमच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. आणि जुना कॉलम? तो मी वडापावच्या आधी उडवला होता. शेवटी मी आणि अजून एक जण तिथे जाऊन बसलो आणि शेकडो सेवापुस्तकं एकेक उघडून तारखा लावल्या. शाईने लिहिलेल्या, काही ठिकाणी अक्षरी पण लिहिलेल्या: 'एक जून एकोणीसशे...'. ज्या कारकुनाला आम्ही 'मागासलेला' म्हणून हसत होतो, त्याने तारीख दोनदा लिहिली होती, आकड्यात आणि अक्षरात. म्हणजे चूक झाली तर कळावी म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरला एवढी अक्कल नव्हती.

त्या सेवापुस्तकांत एक बाई सापडल्या. प्रयोगशाळेत काम करायच्या. जन्म ९ डिसेंबरचा. टेबलात १२ सप्टेंबर. त्या ३० सप्टेंबरलाच निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. खरी तारीख ३१ डिसेंबर. शाल-श्रीफळ झालं होतं, भाषणं झाली होती. संस्थेने त्यांना परत बोलावून घेतलं, मधला पगारही दिला. त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "कंप्युटरनं काढलंय म्हटल्यावर बरोबरच असणार की."

शिपाईमामाच आम्हाला दोन दिवस चहा आणून देत होते. दुसऱ्या दिवशी कप ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, मग माझा जन्म नक्की कधीचा धरायचा?" थट्टा करत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही.

तर मंडळी, हे डोक्यात असताना कुणी मला 'व्हारचार करून टाकू का' विचारतं, तेव्हा माझा आवाज का चढतो ते समजून घ्या.

आणि दोष फक्त आपला पोरांचा नाही. डेटाबेस बनवणाऱ्यांनीही वर्षानुवर्षं एरर न देण्याचं पुण्य कमावलंय. मायएसक्यूएल घ्या. चुकीची तारीख दिली की जुन्या आवृत्त्या '००००-००-००' लिहून टाकायच्या आणि एक वॉर्निंग द्यायच्या, जी कुणीही वाचत नसे. शून्य वर्षाच्या शून्य महिन्याचा शून्यावा दिवस! २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून कडक नियम मूळ सेटिंगमध्ये आले, तेव्हा लोकांनी काय केलं? नियम बंद कसा करायचा ते शोधलं. त्याच मायएसक्यूएलमध्ये टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प कॉलम तुम्ही काही न सांगता स्वतःहून 'अपडेट झाला की आजची वेळ' असा व्हायचा. म्हणजे तुम्ही ग्राहकाचा फोन नंबर बदलला आणि त्याची नोंदणीची तारीख आजची झाली. ८.० पासून हे मूळ सेटिंगमध्ये बंद झालं, पण जुन्या टेबलांतल्या त्या तारखा कोण परत आणणार?

एसक्यूएल सर्व्हरला रिकामी अक्षरं द्या, तो १ जानेवारी १९०० लिहितो. रिकामं म्हणजे 'माहीत नाही', पण तो ठोकून देतो. शिवाय डेटटाइममध्ये '२३:५९:५९.९९९' लिहिलंत की ते पुढच्या दिवशीच्या मध्यरात्रीवर जातं, कारण तेवढा बारीक तुकडा त्याच्याकडे नाही. म्हणजे '३१ मार्चच्या रात्रीपर्यंतची बिलं बंद कर' असा अपडेट १ एप्रिलची बिलंही बंद करतो. मार्चअखेर अकाउंट्सच्या लोकांसोबत जागलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

ओरॅकलचा डेट नावाला डेट आहे, आत सेकंदांपर्यंत वेळ असते. 'जिथे तारीख बरोबर १५ ऑगस्ट' असं लिहिलं की फक्त मध्यरात्री ठीक शून्य वाजताच्या ओळी सापडतात. अपडेट यशस्वी, बदललेल्या ओळी शून्य. आणि दोन आकडी वर्ष? ओरॅकलच्या 'आरआर' फॉरमॅटमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये ४९ म्हणजे २०४९, पण ५० म्हणजे १९५०. आज ३० वर्षांचं गृहकर्ज घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता कुठे जाऊन पडतो बघा. २००० सालच्या त्या वायटूके प्रकरणात पोटं भरलेली आपली इंडस्ट्री, आणि अजून दोन आकडी वर्षं लिहिते. आता बोला!

एक्सेलबद्दल तर बोलायलाच नको. 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी नावं असलेली माणसाची जनुकं एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. शास्त्रज्ञांनी माघार घेतली, स्प्रेडशीटने नाही.

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. एक, 'सर, क्लायंटचा डेटाच घाण आहे.' मान्य. पण घाण दारात अडवायची की दिवाणखान्यात आणून वर चादर टाकायची? दोन, 'व्हारचार लवचिक असतो.' असतो ना. इतका लवचिक की त्याची क्रमवारी लावलीत तर २ जानेवारीच्या आधी १ डिसेंबर येतो, कारण अक्षर '०१' हे '०२' च्या आधी. तीन, 'डेडलाइन आहे.' हे खरं कारण. बाकीची दोन फक्त तोंडी लावायला. आणि याचं माझं उत्तर असं की ते काम टळत नाही, फक्त दुसऱ्याच्या वाट्याला जातं. २००८ मध्ये मी वाचवलेले दोन तास २०११ मध्ये त्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी तीन महिने घरी बसून फेडले.

मग करायचं काय? नुसता राग उपयोगाचा नाही, म्हणून कालच्या पोराला सांगितलं तेच इथे देतो.

आधी एरर पूर्ण वाच, दुसरी ओळसुद्धा. मूळ अक्षरांचा कॉलम आहे तसा राहू दे, शेजारी नवा तारखेचा कॉलम कर. जुना उडवायचा नाही, निदान वर्षभर. तारीख बदलताना फॉरमॅट स्वतः सांग, सर्व्हरच्या सेटिंगवर सोडू नकोस. एसक्यूएल सर्व्हर असेल तर २०१२ पासून 'ट्राय कन्व्हर्ट' आहे. त्याला शैलीचा नंबर दिला की जे बसत नाही ते नल करून देतो, आणि ती यादी तुझ्या हातात येते. प्रोग्रॅममधून तारीख पाठवताना अक्षरं जोडत बसू नकोस, पॅरामीटर दे. अक्षरं लिहायचीच असतील तर वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे सलग लिही. मध्ये आडव्या रेघा टाकल्यास तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम ब्रिटिश सेटिंगवर त्यातही दिवस-महिना उलटा वाचतो! माहीत नसलेल्या तारखेला नल. १९०० नाही, ९९९९ नाही. मग आधीची आणि नंतरची माणसं महिन्यावार मोज. आणि शेवटी जी मूठभर उरतील, ती ज्याची आहेत त्याला फोन करून विचार. हे शेवटचं कुणीच करत नाही, कारण त्याला कीबोर्ड पुरत नाही.

पोरगं गप्प ऐकत होतं. मला वाटलं, शिव्या घालत असणार मनात. रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. फॉरमॅट सांगितल्यावर फक्त ४१ ओळी उरल्या. त्यातल्या सात जणांच्या तारखा ३१ जून आहेत, बाकीच्यांत वर्षच नाही. सोमवारी क्लायंटच्या ऑफिसात फोन करून विचारतो म्हणाला. आणि पुढे एक ओळ: "सर, १ जूनवाले २१२ आहेत. हे बरोबर आहे का?"

बरोबर आहे, बाळा. अगदी बरोबर आहे.

असो. चहा पार गार झालाय.